मूल उलटी करते तेव्हा आधी रंग पाहा

नमस्कार. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेतले, ढेकर आला आणि त्याबरोबर घोटभर फाटलेले दूध आईच्या पदरावर पडले, तर ती उलटी नव्हे, गुळणी होय. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात सैल असते. म्हणून चौथ्या महिन्याच्या सुमारास गुळण्या सर्वाधिक होतात आणि वर्ष-दीड वर्षात बहुधा आपोआप थांबतात. बाळ खेळकर असेल आणि वजन वाढत असेल, तर औषध लागत नाही, दुपटी तेवढी जास्त लागतात.

तीन ते सहा आठवड्यांचे बाळ मात्र प्रत्येक दुधानंतर पिचकारीसारखी उलटी करत असेल आणि लगेच पुन्हा भुकेने रडत असेल, तर जठराचे आतड्याकडचे तोंड अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. त्यावर बहुधा छोटी शस्त्रक्रिया करतात.

आता रंगाविषयी. दुपटे धुवायला टाकण्याआधी ते उजेडात नीट पाहा. डाग हिरवा असेल, तर त्यात पित्त, म्हणजे यकृतातून आतड्यात येणारा पाचकरस, आहे. तान्ह्या बाळात याचा अर्थ आतड्याला पीळ पडला आहे असाही असू शकतो, आणि पिळलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटतो. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये, आणि ते दुपटे सोबत न्यावे.

मोठ्या मुलांमध्ये नेहमीचे कारण म्हणजे पोटातला विषाणुसंसर्ग. येथे आपली चूक ठरलेली असते: मूल तहानलेले दिसते, आपण पेलाभर पाणी देतो आणि ते सगळे बाहेर येते. उलटीनंतर दहा मिनिटे थांबा. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. मग दर दोन मिनिटांनी एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, द्या. वेळखाऊ वाटते, पण तासाभरात 150 मिली पोटात जाते. अंगावरचे दूध बंद करू नये. घरात उरलेले उलटीचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये.

सहा ते आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, मूल सुस्त पडले, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, तर चमचा खाली ठेवून थेट रुग्णालय गाठा.