वर्गाचं दार आतून लावता येतं का?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की दुसऱ्या दिवसापासून तोच वाद सुरू होतो: फाटकावर बंदूकधारी पहारेकरी ठेवायचा की नाही. मला आधी दाराबद्दल बोलायचंय.

२०१२ मध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. सगळी मुलं पहिलीतली. तिथल्या वर्गांची दारं बाहेरून किल्लीनेच बंद व्हायची. म्हणजे गोळ्यांचा आवाज येत असताना बाईंनी किल्ली शोधायची, दाराबाहेर यायचं आणि कुलूप लावायचं! चौकशी आयोगाने २०१५ साली बजावलं, की प्रत्येक वर्ग आतून बंद करता आला पाहिजे. आणि २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीत? तिथेही दारं बाहेरूनच बंद होणारी. १९ मुलं गेली, २ शिक्षिका गेल्या.

आता त्या बंदूकधारी पहारेकऱ्याकडे येऊ. त्याच युवाल्डीत ३७६ पोलीस आणि अधिकारी जमले होते, तरी हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटं लागली. २०१८ मध्ये फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला आणि १७ जीव गेले. पण त्याच वर्षी इलिनॉयमध्ये डिक्सनच्या शाळेत एका अधिकाऱ्याने हल्लेखोराला रोखलं, एकही विद्यार्थी दगावला नाही. त्यामुळे पहारेकरी निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. फक्त त्याच्या एकट्याच्या भरवशावर मुलं सोडता येत नाहीत. पार्कलंडच्या इमारतीतला सगळा गोळीबार चार मिनिटांच्या आत आटोपला होता.

हल्ला झाला तर काय करायचं, याच्या शाळेतल्या सरावांचंही तेच. दार लावून शांत बसायचं, एवढं मुलांना जरूर शिकवा. पण २०१९ मध्ये इंडियानातल्या एका शाळेत सराव म्हणून शिक्षकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडल्या. यातून कोण सुरक्षित झालं?

माझं म्हणणं असं, की हल्ला फाटकापाशी सुरू होत नाही. तो कितीतरी दिवस आधी सुरू झालेला असतो आणि बहुतेक वेळा कुणाला तरी त्याची कुणकुण लागलेली असते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने अशा हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: मुलाने आधी कुणाजवळ तरी बोलून दाखवलेलं असतं आणि बंदूक बहुधा घरातलीच असते. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर कोलोरॅडोत मुलांना नाव न सांगता कळवता येईल अशी सोय झाली, ती याचसाठी.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ३० नोव्हेंबर २०२१. गणिताच्या कागदावर एका मुलाने बंदूक आणि रक्ताळलेला माणूस काढला होता. शेजारी लिहिलं होतं, ‘मला मदत करा’. बाईंनी ते पाहिलं, आईवडिलांना बोलावलं. समुपदेशकाने सांगितलं, याला लवकर उपचार द्या. आईवडील त्याला घरी न नेता कामावर परतले. मुलगा वर्गात गेला. दप्तर कुणी उघडून पाहिलंच नाही. वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल त्यात होतं. दोन तासांनी गोळीबार झाला, चार विद्यार्थी गेले.

२०२४ मध्ये आईवडील दोघंही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. अल्पवयीन मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवायची सक्ती मिशिगनमध्ये लागू झाली, तीही त्याच वर्षी, फेब्रुवारीत.