एक माणूस, पाच आजार आणि तीन वर्षांचं अनुदान

मंडळी, आजच्या विषयाचं नाव लांबलचक असलं तरी प्रश्न साधा आहे. अनेक जुनाट आजार असलेल्या वृद्धांची काळजी कशी घ्यावी, हे शोधायला निघालेल्या तरुण संशोधकाला पैसे कसे द्यावेत? किती द्यावेत यावर परिषदांमधून पुष्कळ बोललं जातं. माझा वाद 'कसे' यावर आहे.

2005 साली सिंथिया बॉइड या अमेरिकी डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर एक रुग्ण उभी केली. वय 79. मधुमेह, उच्च रक्तदाब, ठिसूळ हाडं, झिजलेले सांधे आणि फुप्फुसांचा जुनाट विकार, असे पाच आजार. मग प्रत्येक आजारावरच्या उपचारांची, तज्ज्ञ समित्यांनी ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वं घेऊन ती या बाईंना तंतोतंत लावून पाहिली. निघाली 12 औषधं, दिवसाला 19 मात्रा, त्याही पाच वेगवेगळ्या वेळांना. शिवाय पथ्य, व्यायाम, तपासण्या वेगळ्याच. यात कुठलीही समिती आपल्या आजारापुरती चुकली नव्हती. पाच समित्या पाच खोल्यांत बसल्या होत्या, आणि त्या बाई एकाही खोलीत नव्हत्या.

असा रुग्ण अपवादात्मक म्हणावा, तर तसंही नाही. स्कॉटलंडमध्ये सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून 2012 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या बहुसंख्य लोकांना दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार होते. सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये ही अवस्था दहा-पंधरा वर्षं आधीच येत होती. म्हणजे एकच आजार असलेला म्हातारा माणूस हाच खरा अपवाद. उपचार माणसांवर करून पाहणाऱ्या आपल्या वैद्यकीय चाचण्या मात्र बऱ्याचदा त्यालाच शोधत असतात. रक्तदाबाची 'स्प्रिंट' ही गाजलेली चाचणी घ्या. तिच्यात पंच्याहत्तरीच्या पुढचे लोक आवर्जून घेतले, ही कौतुकाची गोष्ट. पण मधुमेह असलेले, पक्षाघात होऊन गेलेले आणि वृद्धाश्रमात राहणारे वगळले होते. त्यामागे शास्त्रीय कारणं होती, नाही असं नाही. तरी वगळलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांसमोर रोज सकाळी येऊन बसतोच.

आता पैशाकडे येतो. निधी देणाऱ्या समित्याही बहुतेक अवयवांप्रमाणे वाटलेल्या असतात. हृदयाची समिती म्हणते, हा प्रस्ताव मधुमेहाचा. मधुमेहवाले म्हणतात, यात वृद्धांची काळजी जास्त आणि जीवशास्त्र कमी. तिशीतला हुशार संशोधक एकदा-दोनदा नकार खातो आणि शहाणा होतो. पुढच्या खेपेला तो एकच आजार निवडतो, बाकीचे आजार असलेले रुग्ण वगळतो आणि अनुदान मिळवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं.

दुसरी अडचण काळाची. नेहमीचं अनुदान दोन-तीन वर्षांचं. त्यात नैतिक समितीची परवानगी, माणसं नेमणं, रुग्ण मिळवणं आणि वर्षभराचा पाठपुरावा, एवढं सगळं बसवायचं. तरुण निरोगी माणसांवरचा अभ्यास यात कसाबसा बसतो. इथे अभ्यासातली आजी मध्येच रुग्णालयात दाखल होते. आजोबांना फोन ऐकू येत नाही. काहीजण दगावतात. गळती होते ती सर्वांत आजारी माणसांची. मग उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष उगाच गुलाबी दिसतो. यावर उपाय म्हणजे घरी जाऊन भेटणं. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिली ओळ खोडली जाते ती नेमकी गृहभेटींच्या प्रवासखर्चाची. छाननीच्या बैठकांमधून मी हे पाहत आलो आहे.

गृहभेटीत काय होतं ते सांगतो. संशोधक प्रश्नावली उघडून विचारतो, "गेल्या चार आठवड्यांत तब्येत कशी होती?" आजोबा म्हणतात, "छान." आणि पत्नीकडे बघतात. ती म्हणते, "छान कसली? रात्री तीनदा उठतात, परवा न्हाणीघरात पडता पडता वाचले." आता कुणाचं उत्तर लिहायचं? फॉर्मवर पत्नीसाठी रकानाच नाही. आणि खरं म्हणाल तर काळजी तीच घेतेय.

ते रात्रीचं उठणंही तपासून पाहण्यासारखं असतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन दिलेलं असतं, त्याने पायांवर सूज येते. ती नवा आजार समजून लघवीचं औषध सुरू होतं, आणि माणूस रात्रभर उठत राहतो. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, अशा साखळीकडे पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी 1990च्या दशकातच लक्ष वेधलं होतं. ती पकडायला महागडं यंत्र लागत नाही. कुणीतरी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून कोणती कधी सुरू झाली हे शांतपणे लावत बसावं लागतं. तरुण संशोधक हे उत्तम करू शकतो. त्याच्याकडे नसतो तो वेळ. सकाळी ओपीडी, दुपारी शिकवणं, आणि संशोधन रात्री अकरानंतर.

म्हणून मला अमेरिकेतल्या 'के' गटातल्या, म्हणजे नवोदित संशोधकांना घडवण्यासाठीच्या सरकारी अनुदानांची एक अट फार आवडते. पैसे स्वीकारायचे तर साधारणपणे 75 टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो, आणि हे संस्थेने मान्य करावं लागतं. वृद्धत्वावरच्या संशोधनासाठीचा बीसन पुरस्कार याच पठडीतला. 'जेमस्टार' नावाची आणखी एक छोटी योजना आहे. शल्यविशारद, हृदयरोगतज्ज्ञ अशा इतर शाखांतल्या नवोदितांना ती वृद्धांच्या प्रश्नांकडे वळवते. माझ्या मते ही जास्त हुशारीची चाल आहे, कारण बहुसंख्य म्हातारी माणसं वृद्धरोगतज्ज्ञापर्यंत पोचतच नाहीत. अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. पीएचडीधारकांना पहिलं मोठं स्वतंत्र अनुदान मिळण्याचं सरासरी वय 1980 च्या सुमारास 36 होतं, ते पुढे चाळिशीपार गेलं.

निष्फळ ठरणाऱ्या अभ्यासांचं काय, हाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये 33 दवाखान्यांत आणि 1,546 रुग्णांवर 'थ्रीडी' नावाची चाचणी झाली. प्रत्येक आजाराची वेगळी तपासणी करण्याऐवजी दर सहा महिन्यांनी माणसाची एकत्र तपासणी करायची, अशी कल्पना. 2018 साली निकाल आला तेव्हा जीवनमानात फरक दिसला नाही. पण आपली काळजी नीट घेतली जातेय, असं मात्र रुग्णांना अधिक जाणवलं. माझ्या लेखी हा मोलाचा निकाल आहे. पण पहिल्याच अनुदानावर असा निकाल हाती आलेल्या माणसाला दुसरं अनुदान देताना किती समित्या कां-कूं करणार नाहीत?

आणि ज्यांना पहिलंच थोडक्यात हुकतं त्यांचं? नेदरलँड्समधल्या एका विश्लेषणात, अनुदान मिळण्यासाठी लागणाऱ्या गुणरेषेच्या किंचित वर असलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत किंचित खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाल्याचं दिसलं. एक कारण असं, की हरलेले पुन्हा अर्जच करत नाहीत. उलट अमेरिकेतल्या 2019 च्या अभ्यासात, थोडक्यात हुकूनही क्षेत्रात टिकलेल्यांचं काम पुढे जिंकलेल्यांपेक्षा सरस निघालं. तेव्हा निधी देणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. रेषेखालच्या पहिल्या काही जणांना वर्षभराचा पगार आणि परीक्षकांचे शेरे द्या, म्हणजे ते प्रस्ताव सुधारून परत येतील. छाननीला एक तरी असा माणूस बसवा, ज्याने घरी म्हाताऱ्या आजारी माणसाचं केलं आहे. मुदत पाच वर्षांची ठेवा. आणि गृहभेटींच्या प्रवासखर्चाला कात्री लावायची असेल, तर पाठपुराव्यात कोण गळणार आहे हे समितीने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं.