बाप्यांना भुलाबाई नाही

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, शाळेतले दोन-तीन सर आहेत. आणि मागच्या भिंतीला टेकून काही कास्तकार उभे आहेत. खुर्च्या रिकाम्या असून उभे आहेत, म्हणजे मधूनच सटकायची सोय ठेवली आहे. खुशाल जा, मला राग नाही. पण आजचं बोलणं जास्त करून तुमच्याबद्दलच आहे.

कला-उपचार म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई चित्रकलेचा वर्ग घेणार. तसं नाही. मनात कोंडलेलं बाहेर यावं म्हणून हाताला रंग, माती, कागद द्यायचे, असं हे काम. एड्रियन हिल नावाचा एक इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयरोग होऊन सॅनेटोरियममध्ये पडला. तेव्हा क्षयाला नेमकं औषध नव्हतं, नुसतं पडून राहायचं. तो पडल्या पडल्या चित्रं काढायला लागला, मग शेजारच्या रोग्यांनाही काढायला लावू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यानं १९४२ मध्ये वापरला. पुढे मानसोपचारवाल्यांनी हे काम हाती घेतलं. आज त्याचं रीतसर शिक्षण असतं.

पण मी इतक्या लांब कशाला जाऊ? इथल्या बायांना विचारा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. त्या गाण्यांत सासू आहे, सासरा आहे, माहेरी जायला न मिळणं आहे. गाणं भुलाबाईचं, दुःख आपलं, आणि कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. जात्यावरच्या ओवीतही तीच सोय होती. चक्की आली, बायांच्या खांद्यांची सुटका झाली, ते उत्तमच झालं. पण पहाटेची ती बोलायची जागा गेली.

आता बाप्यांचं बघा. त्यांना भुलाबाई कधीच नव्हती. दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं होती, भजनाची खंजिरी होती. तिकडे झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडे, अजून रात्र रात्र नाटकं चालतात आणि गडीमाणसं मांडवात बसून उघड रडतात. नाटक पाहून रडलं तर कुणी हसत नाही. आपल्या कापसाच्या पट्ट्यात गडी बसतो पानठेल्यावर. तिथं भाव, पाऊस आणि राजकारण एवढंच चालतं. बोंडअळीवर तासभर बोलेल, ‘रात्री झोप येत नाही’ हे एक वाक्य बोलणार नाही.

अशा माणसाला समोर बसवून ‘तुम्हाला कसं वाटतं?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बरं हाय’. म्हणून हाताला काम द्यायचं. हात कामात असले की नजर खाली असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि जे पोटात कोंडलंय ते कागदावर येऊन थोडं दूर जाऊन बसतं. मग माणूस स्वतःबद्दल न बोलता चित्राबद्दल बोलतो.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही अशा बेतानं. पन्नाशीचे गृहस्थ, ग्रामीण रुग्णालयातून उदासीवरच्या गोळ्या चालू. पहिलं वाक्य असं: “मॅडम, मी काय शाळेतलं पोट्टं हाव काय?” मी म्हटलं, चित्र नका काढू, वावराचा नकाशा काढून दाखवा. हे जमलं. धुरा आला, विहीर आली, पऱ्हाटीच्या ओळी आल्या, इतक्या नेटक्या की तलाठ्यानं बघाव्या. एक कोपरा मात्र कोरा. मी विचारलं, इथं काय? बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “इथं कोठा होता. बैल इकले मांगच्या साली. पोयाच्या दिवशी मी घराबाहेर नाई निंगलो.”

कर्जाबद्दल ते बँकेत बोलले होते, डॉक्टरकडे बोलले होते, भावाशी भांडले होते. बैलांबद्दल कुणाशीच नाही. बैलांसाठी रडणारा गडी म्हणजे काय, अशी लाज. पुढच्या वेळी मी नाल्यावरची चिकणमाती नेली. मातीचे बैल त्यांनी लहानपणी केलेच होते. बोटांना आठवण होती, मला काही शिकवावं लागलं नाही. ते बरे झाले का? झोप सुधारली, पोळ्याला देवळापर्यंत गेले. गोळ्या चालू राहिल्या. कर्ज आहे तिथंच आहे.

आता एक सक्त सूचना, विशेषतः सरांना. चित्राचा अर्थ लावू नका. काळा रंग वापरला म्हणजे माणूस उदास, असली पुस्तकं बाजारात मिळतात. अहो, आपली जमीनच काळी आहे! कापसाचं वावर काढणारा माणूस दुसरा कुठला खडू उचलणार? ‘यात काय काय आहे, सांगा’ एवढंच विचारायचं. ‘असं का काढलं?’ विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आवळतो. छान म्हणू नका, गुणही देऊ नका. आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाची भीती वाटते. आधी चौकट आखायला सांगा, जे काही येईल ते चौकटीच्या आत राहील असा धीर येतो.

याला पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन बसवलं; सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. चित्रं आधी काढलेली असोत वा नसोत. पण अभ्यास लहान होता, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. उलट बाजूही ऐका. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला: गटात बसवून दिलेल्या कला-उपचाराचा ठळक फायदा दिसला नाही. तेव्हा भ्रम होतात, आवाज ऐकू येतात अशा माणसाच्या हाती खडू देऊन गोळ्या बंद करायला सांगणारा कुणी भेटला, तर त्याला गावात थारा देऊ नका.

मदत दारात गेली की लोक ती घेतात, हे मात्र आपल्याच विदर्भानं दाखवलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातलेच कार्यकर्ते घरोघरी गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. तिथं काम बोलण्या-ऐकण्याचं होतं, रंगांचं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच की अशा कार्यकर्त्याच्या पिशवीत एक खडूची पेटी असावी. जो गडी बोलत नाही त्याच्यासाठी.

एका आशाताईंची चिठ्ठी आली आहे: ‘चित्र काढता काढता माणूस रडायला लागला तर?’ रडू द्या. पाणी जवळ ठेवा, उठून जाऊ नका, कागद काढून घेऊ नका. तो कागद त्याचा आहे. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलात तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. मरणाचं बोलणं निघालं तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवायला लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा फोन दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या: १४४१६. मागच्यांना ऐकू आलं का? एक, चार, चार, एक, सहा.