बातमी नसलेले दिवस

मित्रहो, नमस्कार.

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. संध्याकाळी डेस्कवर बातम्यांचा ढीग यायचा आणि त्यातलं काय पानावर घ्यायचं, काय ठेवून द्यायचं हे आम्ही ठरवायचो. एखादी आई वीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या मुलाचं सगळं करते आहे, ही बातमी होत नाही. त्याच आईने एक दिवस न्यायालयात मुलासाठी दयामरणाची परवानगी मागितली, की ती पहिल्या पानावर येते. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या तो अंगात मुरलेला असतो. बातमीला काहीतरी आज घडावं लागतं. जे कालही होतं आणि उद्याही असणार आहे, त्याला पानावर जागा नाही.

नोकरी सोडल्यावर मी बातम्या सावकाश वाचायला लागले आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. ज्या झगड्याला आपण असामान्य म्हणतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी वर्षानुवर्षं मुकाट्याने सोसलेल्या साध्या गैरसोयीतून आलेला असतो. आणि त्यातून वाट काढणारी माणसंही रोजच्या कामाने हात तयार झालेली, अशीच साधी असतात. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सिलक्यारा बोगदा तुम्हाला आठवत असेल. १२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे उत्तरकाशी जिल्ह्यात, बांधकाम चालू असलेल्या बोगद्याचा भाग कोसळला आणि ढिगाऱ्याच्या पलीकडे ४१ कामगार अडकले. सतरा दिवस देशभर सगळे टीव्हीसमोर बसून होते. हे कामगार झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, बिहार अशा राज्यांतून कामासाठी आलेले होते. ते त्या बोगद्यात काम करत होते तेव्हा त्यांच्याबद्दल एक ओळ छापून आली नव्हती. २०१८ मध्ये या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हाच्या सरकारी पत्रकात बोगद्याचं वर्णन ‘सुटकेच्या मार्गासह’ असं केलेलं आहे. त्या पहाटे ४१ जणांना बाहेर पडायला कुठलाच मार्ग मिळाला नाही. कागदावरचा मार्ग प्रत्यक्षात कुठवर आला, हा प्रश्न बातमीच्या पहिल्या दिवशी नव्हे, त्याच्या आदल्या वर्षी विचारायला हवा होता. पण आदल्या वर्षी बातमी नव्हती.

ढिगारा पोखरणारं मोठं ऑगर यंत्र शेवटच्या दहा-बारा मीटरवर अडकून मोडलं, तेव्हा बारा माणसांना बोलावलं गेलं. त्यांना ‘रॅट होल मायनर्स’, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद जागेत शिरून खणणारे, म्हणतात. त्यांचं रोजचं काम काय, तर जमिनीखालून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या सरकवणं. जेमतेम ऐंशी सेंटिमीटर रुंदीच्या पाइपात एकाने शिरून हाताने खणायचं, दुसऱ्याने माती गोळा करायची, तिसऱ्याने ती ट्रॉलीत भरायची, आणि ट्रॉली दोरीने बाहेर ओढायची. त्यांनी हेच केलं, आणि २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ४१ जण बाहेर आले. शहरात हेच काम करताना ती माणसं आपल्या पायाखाली होती आणि आपण वरून चालत गेलो. उत्तरकाशीत त्यांनी एकही नवी गोष्ट केली नाही. केली ती सगळी त्यांची रोजची मजुरी होती.

पुढच्या फेब्रुवारीत दिल्ली विकास प्राधिकरणाने अतिक्रमणविरोधी कारवाईत त्या बारांपैकी एकाचं घर पाडलं. त्याची बातमी झाली, कारण तो सिलक्याराचा होता. पाडल्या गेलेल्या इतर घरांना तेवढी जागा मिळत नाही.

हातांनी खणायचं हेच कसब मेघालयात कोळशाच्या खाणींत चालतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या ‘रॅट होल’ खाणकामावर बंदी घातली, तरी खाणी चालू राहिल्या. १३ डिसेंबर २०१८ ला पूर्व जैंतिया हिल्समधल्या क्सान इथे खाणीत पाणी घुसलं आणि किमान पंधरा जण आत राहिले. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकासाठी सगळ्या जगाने श्वास रोखून धरला होता. क्सानला जास्त क्षमतेचे पंप पोहोचायलाच दोन आठवडे गेले. ते पंधरा जण जिवंत परत आले नाहीत. थायलंडच्या मुलांसाठी धावलेल्या एकाही माणसाचं मोल मला कमी करायचं नाही. पण ज्यांच्या रोजच्या कामाकडे आपण कधी बघितलेलं नसतं, ते संकटात सापडले की त्यांच्याकडे बघायलाही आपल्याला उशीर होतो.

चिलीच्या सान होसे खाणीतही २०१० मध्ये ३३ जण ६९ दिवस अडकले होते. हवेच्या उभ्या बोगद्यातून त्यांना वर येता आलं असतं, पण तिथे जी शिडी असायला हवी होती ती नव्हती. जगभर गाजलेल्या त्या सुटकेच्या मुळाशी एक न लावलेली शिडी होती.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी आज उभी आहे, तिच्याकडे येते. अरुणा शानबाग.

२७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळून त्याने तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली, दृष्टी गेली. ती पुन्हा कधी उठली नाही. १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू झाला. या एकेचाळीस वर्षांत ती ठळकपणे बातमीत आली ती मोजक्या वेळा. १९७३ मध्ये. मग २०११ मध्ये, तिचं अन्न थांबवण्याची परवानगी मागणारी, तिच्याबद्दल पुस्तक लिहिलेल्या पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, कडक अटींसह वाट करून दिली, तेव्हा. आणि ती गेली तेव्हा.

मधल्या दिवसांचं काय? त्या दिवसांत केईएमच्या परिचारिका होत्या. १९८० च्या दशकात तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. शिकायला येणाऱ्या मुलींना सांगितलं जायचं, ही आपल्यातलीच एक आहे. न्यायालयासमोर आलेल्या माहितीत एक तपशील आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या सगळ्या निकालपत्रात त्याच्याइतकं मोठं काही नाही. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिला एकही बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहून होणारी जखम, झालेला नव्हता.

ज्यांनी घरी कुणाचं केलं असेल त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा घरी येणाऱ्या सिस्टरने मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा, गजर लावून. माणसाला ओढायचं नाही, त्याच्या खालची चादर दोघांनी धरून उचलायची. ओढलं की कातडी घासते, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी घासली की सोलवटते. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेवायच्या. माकडहाडाची जागा रोज उजेडात बघायची. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबून बघायचा. दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर आत इजा व्हायला सुरुवात झाली आहे. चादरीला एक सुरकुती राहिली तरी सकाळपर्यंत तिचा वळ उठतो. हे तुम्ही अगदी मनापासून केलंत, कुणी आजारी नाही पडलं, मदतीला येणाऱ्या बाईने दांडी मारली नाही, तरी एक दिवस जखम होते. आमच्याकडे झाली. आणि त्या बायांनी हे एकेचाळीस वर्षं केलं. स्वतःची वॉर्डातली ड्यूटी सांभाळून, जिचं आपल्याशी रक्ताचं नातं नाही, जी नीट ओळखतही नाही अशा एका बाईसाठी.

याचिकेने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. माणसाला कुठवर जगवायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि प्रत्येकाला असंच जगवावं असं मी कधी म्हणणार नाही. पण न्यायालयाने एक गोष्ट नेमकी ओळखली. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा, तर जिने तिच्याबद्दल लिहिलं तिच्यापेक्षा ज्यांनी तिचं रोज केलं त्यांचा जास्त. त्या परिचारिकांना तिने जगायला हवं होतं. निकाल ऐकून केईएममध्ये मिठाई वाटली गेली. लिहिणाऱ्यांच्या जमातीतली असून मला हा निकाल न्यायाचा वाटतो.

त्या तळघराकडे मात्र परत यायला हवं. एक परिचारिका पाळी संपल्यावर कपडे बदलायला तळघरात का जाते? सोयीची, सुरक्षित जागा असती तर ती तिथे गेली नसती. १९७३ चा तो हल्ला होण्याआधी ही रोजची गैरसोय होती. तिची तक्रार कुणी केली असेल, तरी ती बातमी झाली नव्हती.

९ ऑगस्ट २०२४. कोलकात्याचं आर. जी. कर रुग्णालय. पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक डॉक्टर तरुणी, ३६ तासांच्या पाळीत थोडी पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली आणि तिथे बलात्कार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २० ऑगस्टच्या आदेशात अरुणा शानबागचं नाव आलं, राष्ट्रीय कृतिदल नेमलं गेलं, आणि रुग्णालयांत काय काय नाही त्याची यादी झाली. रात्रपाळीच्या लोकांना पडायला खोली नाही, पुरेशी स्वच्छतागृहं नाहीत, सलग ३६ तासांच्या पाळ्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या तळघरात हीच यादी करता आली असती. संतापाने रस्त्यावर उतरलेल्यांच्या मी बाजूची आहे, तरी मला वाटतं की संतापाइतकीच त्या यादीचीही आपल्याला गरज होती, आणि ती ८ ऑगस्टला हवी होती.

व्याख्यानांनंतर काही बायका माझ्याशी बोलायला थांबतात. एक वाक्य हमखास येतं. ‘बातम्यांतल्या लोकांपुढे आमचं काय हो, काहीच नाही.’ सासूबाईंना रात्री चार वेळा उठवावं लागतं, नोकरी सुटली, स्वतःचा गुडघा गेला, आणि वर हे. मला ते ऐकवत नाही. बातमीत एका बाजूला प्रचंड दुःख दिसतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं माणूस आपलं दुःख सांगायलाच लाजतं. पण दुःखाची अशी उतरंड लावून कुणाचंही भलं होत नाही. उलट, जो त्रास ‘काहीच नाही’ म्हणून गिळला जातो, त्याच्यावर इलाज होत नाही, आणि इलाज न झालेला तोच त्रास कधीतरी भलत्याच रूपात पहिल्या पानावर येतो. तुमचं चार वेळा उठणं हे ‘काहीच’ नाही. ते तक्रार करण्याजोगं आहे, मदत मागण्याजोगं आहे.

काही जण सांगतात की त्यांनी बातम्या वाचणंच सोडलं, सहन होत नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही. सतत आदळणाऱ्या बातम्यांनी माणूस बधिर होतो, हे मी डेस्कवर रोज पाहिलं आहे. त्यांना एवढंच सुचवते की दहा बातम्या वाचू नका, एक धरा. त्या बातमीचं सहा महिन्यांनी काय झालं, ते शोधा. वर्तमानपत्रात ज्याला आम्ही फॉलोअप म्हणतो, तो डेस्कवर सगळ्यांत आधी कापला जातो. तेव्हा तो वाचकानेच मागितला पाहिजे. संपादकाला पत्र लिहा, बातमीदाराला विचारा. वाचक विचारतात हे कळलं की बातमीदारालाही तो विषय मांडायला जोर येतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी स्वतः गेली काही वर्षं एक काम करते. कुठल्याही रुग्णालयात कुणाला भेटायला गेले की तिथल्या सिस्टरना विचारते, रात्रपाळीला कपडे कुठे बदलता, कुठे पडता, दाराला आतून कडी आहे का. उत्तर लिहून घेते. जिथे खोली नाही तिथल्या प्रमुखांना पत्र पाठवते, आणि महिन्याभराने पुन्हा आठवण करते. काही ठिकाणी खोली झाली. एका ठिकाणी नुसती कडी बसवली, तीही चालेल. बऱ्याच ठिकाणांहून अजून उत्तर आलेलं नाही, तिथली पत्रं चालू आहेत. पत्राचा नमुना मी बरोबर आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी जाताना घेऊन जा, आणि पत्रात कडीचा मुद्दा गाळू नका.