गेट पडलंय

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात एखादा माणूस उशिरा पोचला, तर त्याला कारण विचारायचं नसतं. टिळकवाडीकडून येणारा असेल तर तो दारातूनच सांगतो, "गेट पडलंय ओ!" पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. आमच्याकडं हे पत्तेच झालेत. तिसऱ्या गेटावर आता पूल झालाय, कपिलेश्वरालाही पूल आहे. तरी पण गेट पडल्यावर स्कूटर बंद करून मालगाडीचे डबे मोजत उभं राहायची सवय काही गेली नाही. शेजारी भाजीची बुट्टी घेतलेली बाई असते, शाळेचं पोर असतं, दवाखान्याला निघालेलं कोणीतरी असतं. सगळे सारखेच अडकलेले.

आज मला भुयारी रेल्वेवर बोलायचंय. तुम्ही म्हणाल, बेळगावात कुठलं आलंय भुयार? पण शहरांनी रेल्वे जमिनीखाली का घातली, हे कळायला आपल्या गेटासारखी जागा नाही.

इंग्लंडमध्ये १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांच्या दरम्यान वाफेच्या इंजिनावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. मग जो तो रूळ टाकत लंडनकडं निघाला. गाड्या शहराच्या पोटात शिरल्या तर घरं पडणार, रस्ते अडणार. म्हणून १८४६ साली सरकारनं नेमलेल्या आयोगानं सांगितलं, मधल्या भागात स्टेशन नको. झालं! सगळी मोठी स्टेशनं शहराच्या कडेला राहिली. माणूस गावाहून दोन तासांत येणार आणि स्टेशनपासून कचेरीपर्यंत घोड्याच्या बसमध्ये तासभर बसणार.

चार्ल्स पिअर्सन नावाचा एक वकील होता, लंडन नगरीच्या कारभाराचा कायदेशीर सल्लागार. त्यानं वर्षानुवर्षं एकच धोशा लावला होता: रेल्वे रस्त्याखालून न्या. गरिबांना शहराच्या दाटीतून बाहेर राहता यावं आणि स्वस्तात कामाला येता यावं, हा त्याचा मूळ हेतू. मला या सगळ्या इतिहासात हाच माणूस जवळचा वाटतो. कारण तो ना इंजिनिअर होता, ना कारखानदार.

काम कसं केलं म्हणता? रस्ता उकरायचा, खंदक खणायचा, विटांची कमान बांधायची आणि वर पुन्हा रस्ता करायचा. १८६२ च्या जूनमध्ये, गटार होऊन गेलेली फ्लीट नदी फुटली आणि तिचं पाणी कामात शिरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पिअर्सन वारला. चारच महिन्यांनी, १० जानेवारी १८६३ ला, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जेमतेम सहा किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार माणसं बसली! आज आपण ज्याला 'मेट्रो' म्हणतो, तो शब्द या कंपनीच्या नावाशी नातं सांगतो.

आणि श्रोतेहो, ती गाडी कोळशाची होती बरं का. भुयारात कोळशाचं इंजिन! वाफ पाण्यात जिरवायची सोय इंजिनात केली होती, पण धूर कुठं जिरवणार? डब्यात गॅसचे दिवे, आणि तो गॅस डब्याच्या टपावर रबरी पिशव्यांत भरलेला. कॅसलरॉकच्या घाटात बोगद्यामागून बोगदे लागत, तेव्हा आमची आज्जी पदर नाकाला लावून खिडकी ओढून घ्यायची. लंडनकर ते रोज सोसत होते.

आणखी एक गंमत. या पहिल्या भुयारात रूळ दोन मापांचे होते. ज्या मोठ्या कंपनीची गाडी चालायची, तिचे रूळ सात फुटी. बाकीच्यांचे लहान. म्हणून तीन पट्ट्या टाकून दोन्ही मापं एकाच मार्गावर बसवली. गाडी सुरू होऊन सात महिने झाले नाहीत तोच मेट्रोपॉलिटनचं आणि या मोठ्या कंपनीचं भांडण झालं आणि मोठीनं आपले डबे उचलून नेले. शेवटी दुसऱ्या कंपनीकडून छोट्या मापाचे डबे उसने आणावे लागले. हे वाचलं तेव्हा मला मिरज जंक्शन आठवलं. पुण्याकडची लाइन १९७१ ला ब्रॉडगेज झाली, आपली मिरज-लोंढा मीटरगेजच राहिली आणि लातूरकडून येणारी त्याहून अरुंद. एकाच स्टेशनात तीन मापं! बेळगावचा माणूस मुंबईला निघाला की मिरजेला ट्रंक, वळकटी, पोरं आणि पाण्याचा तांब्या उचलून दुसऱ्या गाडीकडं पळायचा. पुढं नव्वदच्या दशकात आपली लाइन मोठी झाली आणि ती पळापळ थांबली. भांडण लंडनचं असो नाहीतर गेज मिरजेचं, ओझी प्रवाशानंच उचलायची.

धुरातून सुटका केली ती विजेनं. १८९० साली लंडनमध्येच, थेम्स नदीच्या खालून, विजेवर चालणारी पहिली खोल भुयारी रेल्वे सुरू झाली. ही रस्ता उकरून केलेली नव्हती. लोखंडी ढालीच्या आडोशानं जमिनीच्या पोटात नळी पोखरत नेली होती. भुयारात बघायचं तरी काय, असा हिशेब करून डब्यांना नीट खिडक्याच ठेवल्या नाहीत. लोक त्यांना गाद्या लावलेल्या कोठड्या म्हणायचे. कुठलं स्टेशन आलं ते गार्ड ओरडून सांगायचा.

मग १८९६ ला बुडापेस्ट, १८९७ ला बोस्टन, १९०० ला पॅरिस. ही यादी लांबवत नाही. न्यूयॉर्कचं मात्र सांगायला हवं. तिथं रेल्वे आधी खांबांवरून, लोकांच्या डोक्यावरून जायची. खाली तेल ठिबकायचं, निखारे पडायचे. १८८८ च्या मार्चमधल्या हिमवादळात शहर जागच्या जागी गोठलं आणि खाली जायची निकड सगळ्यांना पटली. २७ ऑक्टोबर १९०४ ला उद्घाटन. महापौर मॅक्लेलन यांनी चांदीची मूठ फिरवून गाडी सुरू करायची आणि लगेच मोटरमनच्या हवाली करायची, असं ठरलं होतं. पण महापौरांना काही ती मूठ सोडवेना! एकशे तीनव्या रस्त्यापर्यंत गाडी त्यांनीच चालवली. तिकीट पाच सेंट, आणि १९४८ पर्यंत ते पाचच सेंट राहिलं. आपल्याकडं असं काही झालं असतं, तर पहिल्या वर्षीच दर वाढला असता, हे माझं आपलं खासगी मत.

आपल्या देशात बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे शाळेत शिकलोय. नाना शंकरशेट यांचा त्यात मोठा वाटा. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी आली आणि लोकल तिथून पुढं मुंबईची नाडी बनली. भुयारी रेल्वेला मात्र १९८४ उजाडलं. २४ ऑक्टोबरला कोलकात्यात एस्प्लेनेड ते भवानीपूर, साडेतीन किलोमीटरही नाही. पद्धत तीच: रस्ता उकरा, खणा, झाका. लंडननंतर एकशे एकवीस वर्षांनी! कित्येक वर्षं ते शहर खड्ड्यांच्या कडेनं चाललं. त्याच कोलकात्यात २०२४ साली हुगळी नदीच्या खालून मेट्रो गेली.

आपल्या घरांतली पोरं आता पुण्यात नाहीतर बेंगळुरात. माझी लेक बेंगळुरात असते. तिच्याकडं आईला घेऊन गेलो होतो. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघालो, सकाळी उतरलो, आणि मॅजेस्टिकला मेट्रोसाठी जिन्यानं खाली. आईचा जन्म खानापूरकडचा. हातात कुंद्याचा डबा. खाली गेल्यावर तिनं वर बघून विचारलं, "वर रस्ता हाय न्हवं? मग वरची माणसं थांबली नाहीत?" नाहीत म्हटल्यावर तिला ते फारसं पटलं नाही.

बाहेर पडताना तिकिटाचं ते प्लॅस्टिकचं टोकन भोकात टाकायचं, मगच समोरची झडप उघडते. आई टोकन सोडेना. म्हणाली, "पैसे देऊन घेतलंय की. परत कशाला द्यायचं?" लेक समजावतेय, मागं रांग लागलीय, कोणी कन्नडमध्ये, कोणी हिंदीत पुढं सरका म्हणतंय. आई मूठ घट्ट धरून उभी, आणि समोरचं गेट पडलेलंच.