बन कापायचा की ब्रेड?

श्रोतेहो, नमस्कार.

माझा भाचा गेल्या वर्षी अमेरिकेला शिकायला गेला. मुलगा आपल्या इंदूरच्या रामबागेत वाढलेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मावशी, मी चिकन सँडविच मागितलं आणि हातात बर्गर आला. बदलून द्या म्हटलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, हेच सँडविच." गोल बन आणि आत तळलेलं चिकन. इंदूरमध्ये कुणालाही विचारा, बर्गरच म्हणेल. पण ती बाईही बरोबरच होती. आपण पाव बघून नाव देतो, तिकडे आत काय आहे ते बघतात. त्यांच्या लेखी बर्गर म्हणजे खिम्याची चपटी टिक्की. कोंबडीचा अख्खा तुकडा कितीही सुंदर बनमध्ये घातला तरी ते सँडविचच.

अमेरिकेतही यावर एकमत नाही बरं का. न्यूयॉर्क राज्याचं कर खातं हॅम्बर्गर, हॉट डॉग, अगदी मेक्सिकोचा गुंडाळलेला बरिटोसुद्धा सँडविचमध्येच धरतं. उलट मॅसॅच्युसेट्समधल्या एका न्यायाधीशांनी २००६ साली निकाल दिला की बरिटो हे सँडविच नव्हे.

सँडविच वयानं मोठं. इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या रोजनिशीत १७६२च्या नोव्हेंबरमध्ये हा शब्द सापडतो. नाव इंग्लंडच्या चौथ्या अर्ल ऑफ सँडविचवरून, म्हणजे जॉन माँटेग्यू यांच्यावरून पडलं. खेळाच्या टेबलावरून उठायला नको म्हणून ते पावात मांस घालून मागवत, अशी कथा सांगतात. हॅम्बर्गरचं नाव मात्र जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं. हॅम्बुर्ग स्टेक या नावानं खिम्याची टिक्की अमेरिकेत आधी ताटलीत वाढत, पावात ती नंतर शिरली. पहिल्यांदा कुणी घातली, यावर तिथली अनेक गावं हक्क सांगतात. त्यांतलं एक दुकान, न्यू हेवनचं लुईज लंच, आजही आपला बर्गर भाजलेल्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्येच देतं.

मग खरा फरक कुठे? मी बरीच वर्षं घरी ब्रेड आणि बन भाजते, शिकवते. मला तो पावाच्या कामात दिसतो.

ब्रेड साच्यात भाजतात आणि मग सुरीनं कापतात. म्हणजे स्लाइसच्या दोन्ही बाजू उघड्या, मऊ, पाणी शोषणाऱ्या. म्हणून सँडविचमध्ये आपण काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा असं पातळ पातळ रचतो आणि आधी लोणी लावतो. लोणी चवीला हवंच, पण त्याहून मोठं काम ते वेगळंच करतं. काकडीचं पाणी ब्रेडपर्यंत पोहोचू देत नाही.

बनचं तसं नाही. तो एकटा, आपल्या आकारात भाजला जातो, त्यामुळे त्याला सगळीकडून स्वतःची साल असते. पिठात दूध, लोणी, थोडी साखर असते, म्हणून तो दाबला तरी फाटत नाही. गरम टिक्कीचा रस आत मुरतो, पण बोटं कोरडी राहतात. भाजायची पद्धतसुद्धा उलटी. सँडविच आपण बाहेरून खरपूस करतो. बन मधून कापून त्याची आतली बाजू तव्यावर टेकवतो, म्हणजे तिथे पातळ पापुद्रा धरतो आणि रस बेतानंच आत जातो.

आणि टिक्की! सँडविच रचायचं असतं, बर्गर घडवायचा असतो. खिम्यात मीठ आधी घालून मळलं तर टिक्की रबरासारखी चिवट होते, म्हणून मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. बटाट्याच्या टिक्कीत मी भिजवून घट्ट पिळलेले पोहे घालते. इंदूरच्या घरात पोहे नाहीत असं होत नाही, आणि त्यांनी टिक्की फुटत नाही.

आता आपल्या छप्पन दुकानवर, इंदूरच्या खाऊगल्लीत या. जॉनी हॉट डॉगकडे हॉट डॉग मागा. हॉट डॉग म्हणजे जगभर लांबट पाव आणि सॉसेज, इथे मिळतो गोल बन आणि आत टिक्की. माझ्या हिशेबानं तो चोख बर्गर आहे. आणि बेंजो? बनमध्ये ऑम्लेट. टिक्की नाही, खिमा नाही, म्हणजे भाच्याच्या काउंटरवाल्या बाईनं त्याला सँडविचच म्हटलं असतं. मी म्हणणार नाही. ऑम्लेटचं तूप-तेल तो बन ज्या तऱ्हेनं पितो, ते स्लाइसला जमायचं नाही. दोन स्लाइसमध्ये ऑम्लेट घालून बघा, अर्ध्या रस्त्यात खालची स्लाइस हातात येते. बेंजोला बेंजोच म्हणावं. ते नाव आपल्या गावानं जपलेलं आहे आणि मला ते फार प्रिय आहे.

उद्या मुलांच्या डब्यात सँडविच देणार असाल तर एक करा. लोणी स्लाइसच्या अगदी कडेपर्यंत लावा, काकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, आलेलं पाणी पिळून टाका, आणि टोमॅटोच्या बिया काढा. मधल्या सुट्टीपर्यंत ब्रेड कोरडा राहील.

नमस्कार.