खिशातली डायरी

[दृश्य: भोसरी एमआयडीसी, पहिली शिफ्ट. सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारं मशीन, सुरू होतोय.]

सकाळचे सात. रात्रभर बंद असलेलं मशीन आत्ता कुठे चालू झालंय. सुरुवातीचे जॉब, म्हणजे कातून निघणारे सुटे भाग, मापात बसणार नाहीत, हे या ऑपरेटरला बटण दाबण्याआधीच ठाऊक असतं. जॉब धरून फिरवणारा स्पिंडल अजून गार आहे. तो तापेल तसा किंचित वाढेल आणि माप काही मायक्रॉननी सरकेल. म्हणून ऑपरेटर मशीनला आधीच ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, देऊन ठेवतो. किती? जानेवारीत वेगळा, मे महिन्यात वेगळा. हे आकडे प्रोसेस शीटवर सापडत नाहीत. ते आहेत त्याच्या शर्टाच्या खिशात, तेलाचे डाग पडलेल्या छोट्या डायरीत.

इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली की कटिंगचा आवाज बदलतो. तो त्याला पाठमोरा असतानाही कळतो. हे तर डायरीतही नाही.

वयाची 58 वर्षं झाली की हा माणूस निवृत्त होईल. शाल, नारळ, फोटो, दोन भाषणं. डायरी त्याच्याबरोबर घरी जाईल आणि रिजेक्शन का वाढलं यावर पुढे सहा महिने मीटिंगा होतील.

[दृश्य: हिंजवडी, काचेची इमारत, संध्याकाळचा ट्रॅफिक.]

हिंजवडीत डायरीऐवजी ‘केटी’ असते. नॉलेज ट्रान्सफर. कुणीतरी राजीनामा देतो, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्यांना केटीची आठवण येते. स्क्रीन शेअर होते, रेकॉर्डिंग चालू होतं. जाणाऱ्याचं लक्ष नव्या जॉइनिंगकडे, येणारा नुसता ‘ओके, ओके’ म्हणत असतो. रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये जाऊन पडतं. नाव ‘केटी फायनल 2’. ‘फायनल 1’ कुठे गेलं, विचारू नका.

मग व्यवस्थापन नवं पोर्टल विकत घेतं. सॉफ्टवेअरमध्ये खोट नसते. पण कोण काय सांगेल आणि का सांगेल, हे पोर्टल येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

भोसरीतल्या त्या ऑपरेटरकडे परत बघा. रात्री दोनला लाइन बंद पडली की फोन त्यालाच येतो. साहेब नावानिशी ओळखतात ते त्या डायरीमुळे. शेजारच्या मशीनवरचा पोरगा कंत्राटी आहे, निम्म्याहून कमी पगारावर. त्याला सगळं शिकवलं तर उद्या आपली गरज काय, हा हिशोब कुठलाही शहाणा माणूस करेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! याला अनेक मॅनेजर ‘अ‍ॅटिट्यूडचा प्रॉब्लेम’ म्हणतात. मला तो सरळ व्यवहार वाटतो. मूठ उघडल्यावर त्याच्या हातात काय पडणार, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

झेरॉक्स कंपनीत हे वेगळ्या प्रकारे घडलं. 1980 च्या दशकात ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. त्यांना दिसलं, की अवघड बिघाड मॅन्युअल वाचून सुटत नाहीत. एकत्र खातापिताना ही मंडळी एकमेकांना मशीनचे किस्से सांगतात, त्यातून सुटतात. पुढे कंपनीने ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, बाकीच्या तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि ज्याची युक्ती त्याचं नाव तिच्यावर राहायचं. शोधणाऱ्याचं नाव पुसायचं नाही, ही त्यातली खरी मेख. आधी चहावरच्या गप्पा होत्या, तंत्रज्ञान मागून आलं.

आपल्याकडे कायझेन बोर्ड, म्हणजे कामगारांच्या छोट्या सुधारणा लिहायचे फलक, भिंतीभिंतीवर आहेत. पण माणशी महिन्याला इतक्या सूचना असं टार्गेट लावलं की ‘झाडूची जागा बदलली’ हीसुद्धा सूचना होते. बोर्ड भरतो, फोटो निघतो.

[दृश्य: असेंब्ली लाइन. पिवळा दिवा लागतो.]

ही अ‍ॅन्डन. टोयोटाने रुळवलेली पद्धत आता चाकणच्या कारखान्यांतही दिसते. काही चुकतंय असं वाटलं की कामगाराने दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं. यानंतर जो साहेब धावत येतो त्याचं पहिलं वाक्य नीट ऐका. ‘काय झालं?’ असेल तर उद्याही दिवा लागेल. ‘कोणी दाबलं?’ असेल तर पुन्हा कुणी बटणाला हात लावणार नाही. वायरिंग दोन्हीकडे सारखंच असतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. कारण शोधल्यावर कळलं, की या टीममध्ये चूक झाली तर लोक ती बोलून दाखवतात. बाकीच्या वॉर्डांत ती दडपली जाते. म्हणजे ज्या विभागाच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसतं, तिथे एखाद्या मॅनेजरने जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही.

[दृश्य: लेथजवळ आयटीआयचा मुलगा, बाजूला ज्येष्ठ ऑपरेटर.]

उपाय फार नवा नाही. निवृत्तीच्या आधीचं वर्षभर आयटीआयचा एखादा अप्रेंटिस त्या ऑपरेटरच्या शेजारी उभा करायचा. जॉब बिघडू द्यायचा, आवाज ऐकवायचा, मग विचारायचं, ‘आता काय वेगळं वाटलं?’ यात वेळ जातो आणि उत्पादन घटतं. म्हणून त्या वर्षासाठी ऑपरेटरचं रोजचं टार्गेट कमी करावं लागतं आणि शिकवण्याचे पैसे पगारपत्रकात वेगळे दाखवावे लागतात. हा निर्णय सुपरवायझरच्या हातात नसतो. त्या कागदावर मालकाची सही लागते.